दोन चुली, एक ओसरी

एकत्र कुटुंब मेले, ही वार्ता गेली पन्नास वर्षे अखंड सांगितली जात आहे. सांगणारे दोन प्रकारचे असतात. एक जण हे सांगताना डोळे पुसतो, दुसरा टाळ्या वाजवतो. मारेकरी कोण, यावर मात्र दोघांचे आश्चर्यकारक एकमत आहे. कोणी दूरदर्शन मालिकांना दोष देतो, कोणी इंग्रजी शाळांना, कोणी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलांना. कोणालाच काही सापडले नाही, तर सून आहेच. सगळा दोष माणसांच्या मनात शोधला जातो. ज्या चार भिंतींत ही माणसे राहतात, त्या भिंती कोणी आखल्या, किती फुटांवर आखल्या आणि आखताना आजी-आजोबांची खाट कोठे पडेल याचा विचार झाला होता की नाही, हा प्रश्न विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. घराचा नकाशा ही गवंड्याची आणि इंजिनिअरची बाब. तिचा संस्कृतीशी काय संबंध, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची समजूत आहे.

ही समजूत किती खोटी आहे, हे पाहायचे असेल तर धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात जावे. कुटुंबाचा नकाशा सरकारी कागदावर आखला गेला आणि त्याबरहुकूम कुटुंब कापून घेतले गेले, असा प्रयोग महाराष्ट्रात एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा निजली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेच्या दोन्ही अंगांची जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर गेले. पण तितकाच मोठा आघात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि परिसरातील गावांवर झाला. (लोहारा हा वेगळा तालुका पुढे झाला आणि ही गावे त्यात आली.) दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाच्या नकाशात तोवर हा प्रदेश सर्वांत निर्धोक अशा पहिल्या पट्ट्यात रंगवलेला होता. २००२च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

त्या रात्री जी घरे कोसळली, ती कशी होती हे नव्या पिढीला सांगावे लागेल. बालाघाटच्या या पठारावर दगडाला तोटा नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आत सागवानी किंवा बाभळीचे खांब आणि तुळया, वर लाकडी किलचणावर मातीचे माळवद. घर खणांत मोजले जाई. अमक्याचे पाच खणांचे, तमक्याचे नऊ खणांचे. दरवाजातून आत शिरले की ढाळज. तेथे घरातील कर्ता म्हातारा बसलेला असे. येणारा-जाणारा, सालगडी, भाऊबंद, पाहुणा, सर्वांची नोंद त्याच्या डोळ्यांत होई. पुढे अंगण, अंगणाभोवती ओसरी, ओसरीच्या आत माजघर, माजघराला लागून देवघर आणि चूल. भिंतीत धान्याचे बळद. माळवदाला उजेडासाठी साने. घरातील म्हातारीची जागा माजघराच्या उंबऱ्याशी. तेथून तिला चूलही दिसे, पाळणाही दिसे आणि देवही दिसे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुविद्येच्या अध्यायात चतुःशाल घराचे वर्णन आहे. आपला चौसोपी वाडा हा त्याच कुळातला. चारी बाजूंना माणसे आणि मधे आकाश, ही त्याची मूळ कल्पना.

या घराचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. पहिली, हे घर गावातील प्रत्येकाच्या वाट्याला कधीच आले नव्हते. ज्याच्याकडे जमीन त्याचा वाडा. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका खणात तीन पिढ्या निजत होत्या आणि तेथे ढाळजही नव्हती नि माजघरही नव्हते. समरसतेची भाषा बोलणाऱ्यांनी वाड्याचे चित्र रंगवताना ही वस्ती चित्राबाहेर ठेवू नये. दुसरी गोष्ट, याच भिंतींनी माणसे मारली. मातीत रचलेल्या दुहेरी दगडी भिंतींना एकमेकींशी बांधणारे लांब दगड नव्हते. गळतीवर उपाय म्हणून वर्षानुवर्षे माळवदावर माती चढवत गेल्याने छपराचे ओझे वाढले होते. जेथे लाकडी सांगाडा धड होता, तेथे भिंत बाहेर पडली तरी छप्पर खांबांवर उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा घर बदलणे अटळ होते. प्रश्न एवढाच होता, की काय बदलायचे? भिंत बदलायची की भिंतीच्या आतले कुटुंब?

समाज त्या वेळी धावला, हे सर्वश्रुत आहे. संघाची जनकल्याण समिती धावली. ज्ञान प्रबोधिनीने याच तालुक्यात हराळीला ठाण मांडून शाळा उभी केली. देशभरातील संस्थांनी गावे दत्तक घेतली. पण घर कसे असावे, याचा निर्णय दात्याकडे नव्हता आणि घर गमावलेल्याकडे तर नव्हताच. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम आखला, त्यात पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. त्यांत घराचे तीन साचे होते. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५०.

घर किती मोठे हवे, हे घरात माणसे किती यावरून ठरावे, अशी कोणाही अडाणी माणसाची समजूत असते. जागतिक बँकेच्या आणि मंत्रालयातील तज्ज्ञांनी ते शेतीवरून ठरवले. आई-वडील, दोन विवाहित मुलगे, सुना आणि पाच नातवंडे असे अकरा जणांचे भूमिहीन कुटुंब असले तरी त्याला २५० चौरस फूट. दहा बाय बाराच्या दोन खोल्या काढल्या की हा हिशेब संपतो. ओसरी, माजघर, देवघर, न्हाणी, बैलाचा गोठा, धान्याची जागा हे सारे त्या दोन खोल्यांच्या पोटात बसवायचे. म्हाताऱ्याने बसायचे कोठे, याचे उत्तर नकाशात नव्हते.

मग जे व्हायचे तेच झाले. ज्यांचा संसार एका चौकात चालत होता, त्या अनेक कुटुंबांनी कागदोपत्री वाटण्या करून घेतल्या. कारण एक कुटुंब म्हटले तर एक घर आणि दोन म्हटले तर दोन घरांची आशा. लोभ म्हणून या प्रकाराकडे बोट दाखवणाऱ्यांनी स्वतःच्या कुटुंबाला अडीचशे चौरस फुटांत एक महिना ठेवून पाहावे. वाटणी कागदावर झाली ती कागदावर राहिली नाही. नवी गावे काटकोनी रस्त्यांची आणि ऐसपैस, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलेली. घरांचे वाटपही आकाराप्रमाणे; तेव्हा एका भावाचे घर या गल्लीत आणि दुसऱ्याचे त्या टोकाला, असे सहज घडू शकत होते. रोज संध्याकाळी चालत जाऊन नातवाला भेटणे म्हाताऱ्याला काही दिवस जमते. गुडघे गेले की तेही संपते.

हा आराखडा काँग्रेसच्या राजवटीत ठरला आणि त्याची अंमलबजावणी युतीच्या राजवटीत पुढे चालली. त्यामुळे दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. तो एका विचारपद्धतीचा दोष आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लहान मुले. बाकीचे पाहुणे, हे गृहीतक त्या पद्धतीत इतके मुरलेले आहे की ते गृहीतक आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

लोक मात्र नकाशापेक्षा शहाणे असतात. नव्या वसाहतींतून फिरणाऱ्याला दिसते, की सिमेंटच्या खोलीपुढे पत्रा टाकून ओसरी काढली आहे. कोठे दोन घरांच्या मधल्या जागेत चूल मांडली आहे, कोठे पक्की खोली धान्याला दिली असून माणसे पुढच्या पत्र्याखाली वावरतात. सरकारने जी जागा कापली, ती लोकांनी दगड-पत्रे गोळा करून परत जोडली. ज्या पत्र्यांना अधिकारी अतिक्रमण म्हणतात, ते खरे तर नकाशातील चुकीची दुरुस्ती आहे. या दुरुस्तीत तिसऱ्या पट्ट्याला साजेशी मजबुती असतेच असे नाही, हे वेगळे दुःख.

१९९३ ला तीन दशके उलटून गेली. दरम्यान काय शिकलो? २०१६ साली ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना आली. ही योजना आधीच्या इंदिरा आवासपेक्षा अनेक बाबतींत उजवी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पैसा थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतो, घर त्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदाराला मज्जाव आहे. पण किमान आकार? स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भूकंपग्रस्त भूमिहीनाच्या घरापेक्षा एकोणीस चौरस फूट जास्त. दोन दशकांत एका खाटेची जागा वाढली, इतकेच. याच नावाच्या शहरी योजनेच्या मार्गदर्शिकेत लाभार्थी कुटुंबाची व्याख्या नवरा, बायको आणि अविवाहित मुले-मुली अशी लिहिलेली आहे. आई-वडील हा शब्द त्या व्याख्येत नाही. ज्या विचारपरिवाराचे सरकार दिल्लीत आहे, त्याने एकात्म मानववाद डोक्यावर घेतला आहे. दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत जी चार व्याख्याने दिली, त्यांत व्यक्ती आणि समाज यांना एकमेकांपासून तोडणाऱ्या पाश्चात्त्य मांडणीवरच प्रहार होता. तोडणारी ही व्याख्या योजनेत आली कोठून? ती जुन्या फायलीतून उचलली गेली असणार. पण फायलीवर सही करणाऱ्याने ती वाचायला नको होती काय?

गंमत अशी, की २००७ साली संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. मुलाने पोसले नाही तर म्हाताऱ्याने न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा, महिना कमाल दहा हजारांपर्यंतचा निर्वाह मिळवावा. कायदा आवश्यक होता. मात्र ज्या शासनाने घराच्या नकाशातून म्हाताऱ्याची खोली काढून टाकली, तेच त्याला दाद मागायला प्रांताच्या कचेरीची पायरी दाखवते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते; ते उतरणारे नाही. एवढ्या माणसांना खोली द्यायची की तारीख?

आता जनगणनेचे नाव निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. एकत्र कुटुंब संपल्याचा पुरावा म्हणून जे आकडे तोंडावर फेकले जातात, ते मोजले जातात कसे? जनगणनेच्या व्याख्येनुसार एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. म्हणजे शासन माणसे जोडलेली आहेत की तुटलेली हे पाहत नाही. ते चुली मोजते. एका ओसरीवर बसणारे, एका देवाला नैवेद्य दाखवणारे, एका शेतात राबणारे बाप-लेक दोन चुलींवर भाकरी भाजत असतील तर ते सरकारदरबारी दोन कुटुंबे. आणि या मोजणीवर उभे राहून आपले तथाकथित पुरोगामी विचारवंत हिंदू कुटुंबव्यवस्थेचे मृत्युलेख लिहितात!

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता आणि सामाईक उपासना. खुणा नेमक्या आहेत. मात्र या सर्व खुणांचे वजन सारखे नाही. गुजरातमधील महुवा गावाच्या कुटुंबांचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६४ साली दाखवून दिले, की वेगळे राहणारी, वेगळे शिजवणारी घरेसुद्धा मालमत्तेने, कर्तव्याने आणि परस्परांच्या अडीनडीला धावण्याने एकत्र असतात. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब मोडले, हे शास्त्रानेही सोडून दिलेले मत आहे. ते सोडले नाही ते जनगणनेने, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्यातील अनेक सासवांनी.

कारण टीकाकारांच्या म्हणण्यात एक कण सत्याचा आहे आणि तो नाकारणे हे भ्याडपणाचे ठरेल. जुन्या घरात सुनेला स्वतःची जागा नव्हती. तिचा दिवस दुसऱ्याच्या चुलीशी सुरू होई आणि तिथेच मावळे. दार लावून बसावे असा एक कोपरा तिला मिळत नसे. शिकलेली, शाळेत किंवा बँकेत नोकरी करणारी आजची मुलगी हे मान्य करणार नाही आणि तिने मान्य का करावे? तिला आपल्या हाताने, आपल्या वेळेला, आपल्या चवीचा स्वयंपाक करावासा वाटतो, यात संस्कृतीचा कोणता स्तंभ ढासळतो? एका चुलीचा हट्ट धरणाऱ्यांनी किती घरांच्या ओसऱ्या ओस पाडल्या, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. चुलीसाठी ओसरी गमावणे, हा व्यवहार तोट्याचा आहे. पूर्वी वाटणी होई तेव्हा भाऊ देवसुद्धा वाटून घेत. चूल वाटली तर सहन करता येते. देव वाटले की नवरात्रात एकमेकांच्या घटाला पाणी घालायचे कारण उरत नाही.

या प्रश्नावर जगाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. कारण आपल्याकडे एखादी गोष्ट परदेशातून परत आल्याशिवाय आधुनिक ठरत नाही. जपानमध्ये दोन पिढ्यांच्या दोन संसारांचे एक घर, ही कल्पना १९७५ पासून बाजारात आहे. तिला निसेताई जुताकु म्हणतात. खाली आई-वडील, वर मुलाचा किंवा मुलीचा संसार. दोन स्वयंपाकघरे, आणि दार एक असावे की दोन, यावर कुटुंबाशी सविस्तर चर्चा करून नकाशा ठरतो. सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने २०१३ पासून तीन पिढ्यांसाठी म्हणून वेगळी घरे काढली: सुमारे ११५ चौरस मीटर, चार शयनगृहे, त्यांतील दोहोंना स्वतंत्र न्हाणीघर. विवाहित मुलाने आई-वडिलांजवळ घर घेतले तर तेथील शासन २०१५ पासून अनुदान देते. आणि ज्या अमेरिकेने जगाला चौकोनी कुटुंब विकले, तेथे १९७१ साली अनेक पिढ्यांच्या घरात राहणारे ७ टक्के होते, ते २०२१ साली १८ टक्के झाले. तेथील एक मोठी गृहबांधणी कंपनी २०११ पासून घरातल्या घरात दुसरे घर, अशी जाहिरात करून हे नकाशे विकत आहे. आपण फेकलेली वस्तू दुसरा उचलून, पुसून, किंमत लावून मांडतो आहे, आणि आपण कोथरूडच्या दोन खोल्यांत बसून तिच्यावर परिसंवाद घेतो आहोत.

तेव्हा नकाशाकडे यावे. लोहाऱ्यात आता नगरपंचायत आहे. गावाभोवती प्लॉटिंग झाले आहे. शिक्षक, दुकानदार, कारखान्यात किंवा बँकेत नोकरी करणारे तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतात आणि त्यावर काय बांधतात? खाली दोन खोल्या-स्वयंपाकघर, वर हुबेहूब तेच, आणि वर जाणारा जिना बाहेरच्या भिंतीला चिकटवलेला. गवंडी सांगतो, "साहेब, जिना बाहेरून ठेवा, उद्या वरचा मजला भाड्याने देता येईल." घराचा पाया भरण्याआधीच मुलगा घरात राहणार नाही, असा निर्णय तेथे होतो. आणि समजा मुलगा राहिला, तरी तो बाहेरच्या जिन्याने वर जातो नि बाहेरच्या जिन्याने खाली येतो. आई-वडिलांना त्याच्या गाडीचा आवाज ऐकू येतो. तोंड दिसत नाही. एका छपराखाली राहून तो भाडेकरू होतो.

याच्या उलट टोकाला दुसरी चूक होते. हौसेने घर बांधणारा जिना थेट खालच्या बैठकीतून काढतो. मग सून कामावरून आली की तिला सासऱ्यांच्या मित्रमंडळींमधून वाट काढावी लागते. तिचे माहेरचे आले तर त्यांनाही. वर्षभरात ती कंटाळते आणि मुलगा पुण्याला बदली मागून घेतो.

जिना ओसरीतून निघाला पाहिजे. सगळ्या नकाशाचे मर्म या एका गोष्टीत आहे. रस्त्याकडून घराला दार एक. त्यातून आत आले की सात फूट रुंदीची, घराच्या सबंध लांबीची, जाळीने बंदिस्त ओसरी. ओसरीच्या एका अंगाला खालच्या घराचे दार, दुसऱ्या अंगाला वर जाणारा जिना. जिन्याच्या माथ्यावर वरच्या घराचे दार. प्रत्येकाला स्वतःचा उंबरा आहे, कडी आहे, पण आत-बाहेर करताना प्रत्येकाला ओसरीवरूनच जावे लागते, आणि ओसरीवर आजोबा बसलेले आहेत. जुन्या ढाळजेचे काम हेच होते. नातू शाळेतून आला, सून निघाली, हे कोणी कोणाला न विचारता कळते. विचारावे लागले की चौकशी होते. आपसूक दिसले की आस्था.

तीस बाय चाळीसमध्ये चारी बाजूंना मोकळी जागा सोडून चोवीस बाय तीसचे बांधकाम सहज बसते. जिन्याला सहा बाय बाराची जागा द्यावी. सहा-सहा इंचांच्या दहा-दहा पायऱ्यांच्या दोन रांगा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. पायरी उंच करून जागा वाचवण्याचा मोह टाळावा. वरच्या मजल्यावर नातवाच्या वाढदिवसाला आजीला चढता आले पाहिजे. खाली बैठक, वडीलधाऱ्यांची खोली, त्या खोलीला लागूनच संडास-न्हाणी. तिचे दार तीन फुटांचे असावे आणि बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्या अंगावरच अडते. उंबरा नको, गुळगुळीत फरशी नको, भिंतीत धरायला दांडा हवा. हे सारे बांधतानाच केले तर किरकोळ खर्चात होते. मांडीचे हाड मोडल्यावर फरशी फोडून केले तर दामदुप्पट पडते आणि तोवर उशीर झालेला असतो. खाली छोटे का होईना, पण आईचे स्वतःचे स्वयंपाकघर हवेच. तिच्या हातून चूल काढून घेऊन वरून ताट पाठवणे म्हणजे तिला जिवंतपणी पाहुणी करणे.

देवघर एकच आणि ते खाली, बैठकीच्या मागे, जेथे वरून उतरणाऱ्याचा पाय सहज वळेल. तुळजापूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांना घट एकाच जागी बसण्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. वर दोन खोल्या, सुनेचे स्वयंपाकघर आणि ओसरीच्या डोक्यावर गच्ची. पापड-कुरडया, वाळवणे आणि उन्हाळ्यातील निजणे यांसाठी ती सर्वांची. वरचे स्वयंपाकघर खालच्या स्वयंपाकघरावर आणि वरची न्हाणी खालच्या न्हाणीवर घ्यावी. नळाचा खर्च वाचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्री साडेदहाला घासली जाणारी भांडी म्हाताऱ्यांच्या उशाशी वाजत नाहीत. कित्येक भांडणांचे मूळ स्वभावात नसून छताच्या जाडीत असते. विजेचे मीटर दोन घ्यावेत, पाण्याची टाकी एक ठेवावी. पैशाचा हिशेब जितका चोख, तितके बाकीचे मन मोकळे.

आणि हे सारे ज्या भूमीवर उभे राहायचे, ती १९९३ विसरलेली नाही. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराच्या पातळीला सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा घरभर फिरवलाच पाहिजे. खालच्या भिंती सोडून वर मनमानी भिंती घेऊ नयेत. ओसरी मोकळी हवी म्हणून पुढचे खांब बारीक करणाऱ्या ठेकेदाराला हात जोडून निरोप द्यावा. वास्तुसल्लागाराला ईशान्य विचारणारे यजमान पुष्कळ भेटतात. पट्टा कोठे आहे, हे विचारणारे फार थोडे.

खर्चाचा आक्षेप लगेच येईल. वेगळ्या जागी दोन घरे बांधण्यापेक्षा एका पायावरचे दोन संसार स्वस्तच पडतात. शिवाय पाळणाघर, रात्रीची सोबत आणि आजारपणातली नर्स यांचा खर्च कोणी धरतच नाही. दुसरा आक्षेप वारसाचा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले. मग खालचा मजला कोणाचा, वरचा कोणाचा, हे लेखी ठरवून ठेवावे. नात्यात कागद आणला म्हणून नाते बाटत नाही. आणि वरच्या मजल्यावर मुलानेच राहिले पाहिजे, असेही कोठे लिहिलेले नाही. एकुलत्या एक मुलीच्या आई-वडिलांची घरे आता प्रत्येक आळीत आहेत. त्यांच्या ओसरीवर जावई बसला तर समाजाने कुजबुज करण्याचे कारण नाही.

यात सर्वांत कठोर शब्द आपल्याच माणसांना ऐकवावे लागतील. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय घरोघर गेला, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. त्यावर बौद्धिके झाली, एकत्र भोजन आणि एकत्र भजन यांचे आवाहन झाले. उत्तमच झाले. पण आठवड्यातून एकदा एकत्र जेवायला बसणाऱ्या कुटुंबाला उरलेले सहा दिवस एकमेकांचे तोंड दिसेल असे घर आपण बांधतो आहोत काय? व्यासपीठावर एकत्र कुटुंबाची थोरवी सांगणारा वक्ता घरी परततो ते दोन शयनगृहांच्या सदनिकेत, आणि त्याची आई असते गावाकडे, शेजारणीच्या भरवशावर. त्या वक्त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही. त्याने सदनिका घेतली तेव्हा बिल्डरच्या पुस्तिकेत आईची खोली नव्हती आणि त्याने ती मागितली नाही, एवढेच. मागणाऱ्यांची संख्या वाढली, की बिल्डर पोहण्याचा तलाव बाजूला ठेवून ती खोली देतो. तो व्यापारी आहे, त्याला वैचारिक अडचण नसते.

शासनाकडे मागायचे ते फार नाही. शहरी योजनेतील कुटुंबाच्या व्याख्येत सोबत राहणारे आई-वडील घालावेत आणि माणसांच्या संख्येवर क्षेत्रफळ वाढवून द्यावे. ग्रामीण योजनेत तर नवा पैसाही लागत नाही. एकाच गावठाणातील बाप-लेकाला किंवा दोन भावांना स्वतंत्र घरकुले मंजूर झाली, तर त्यांना दोन्ही घरे एका ओसरीला जोडून बांधण्याची मुभा लेखी द्यावी. २६९ अधिक २६९ म्हणजे ५३८ चौरस फूट. सामाईक भिंत एक वाचते आणि त्या वाचलेल्या पैशात ओसरीचा मोठा वाटा निघतो. आज लोहारा पंचायत समितीत दोन अर्ज आले की दोन सुट्या चौकटींचे दोन कागद होतात, दोन फोटो निघतात, दोन हप्ते पडतात. हप्ते दोनच राहू द्यावेत. कागद तेवढा एक करावा, आणि त्यावर दोन दारांच्या पुढे सात फुटांची एक रेघ अधिक ओढण्याचा अधिकार गावातल्या अभियंत्याला द्यावा.